वाव-वाव खोल: समुद्रात उतरत इंग्रजी शब्द शिकण्याची रीत

इंग्रजीत 'फॅदम' नावाचं एक माप आहे. सहा फूट, म्हणजे साधारण १.८३ मीटर. खलाशी शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडत आणि दोन्ही हात आडवे पसरून ती मोजत. पसरलेल्या दोन हातांमधलं अंतर म्हणजे एक फॅदम. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थही पसरलेले हात, कवेत घेणं असाच होता. आपल्याकडे कोकणात पाणी वावात मोजतात, आणि वाव म्हणजे तरी काय? पसरलेल्या दोन हातांमधलं अंतरच.

पुढे 'फॅदम'चं क्रियापद झालं. 'आय कान्ट फॅदम इट' म्हणजे मला याचा थांगच लागत नाही. 'अनफॅदमेबल' म्हणजे अथांग. पाण्याच्या खोलीवरून मनाच्या खोलीकडे दोन्ही भाषा एकाच वाटेने गेल्या. वर्गात हा शब्द असा सांगितला की मुलं तो विसरत नाहीत. 'फॅदम म्हणजे समजणे' एवढंच फळ्यावर लिहिलं, तर चौथ्या दिवशी तो डोक्यातूनही पुसला जातो. इंग्रजी शिकवताना मी घोकंपट्टीच्या याद्या सोडल्या आणि हा विषय धरला, त्याचं कारण एवढंच. खोल समुद्रातले बरेच शब्द आपल्याला अनोळखी वाटतात, पण जरा खरवडलं की त्यांच्याशी जुनी सोयरीक निघते.

ही रीत आठवीच्या पुढची मुलं, स्पर्धा परीक्षा देणारे आणि नोकरी करता करता इंग्रजी सुधारू पाहणारे, सगळ्यांना चालते. रोज अर्धा तास आणि एक लांब वही पुरे.

आधी वही आखा

वही उभी धरा आणि पाच कोऱ्या पानांवर वरून खाली एक रेघ ओढा. ही रेघ म्हणजे समुद्र. पहिलं पान शून्य ते २०० मीटरचं, 'सनलाइट झोन', जिथे झाडासारखं जगणाऱ्या जीवांना पुरेल इतकं ऊन पोचतं. दुसरं २०० ते १,००० मीटर, 'ट्वायलाइट झोन'. ट्वायलाइट म्हणजे तिन्हीसांजेचा उजेड. तिसरं १,००० ते ४,०००, 'मिडनाइट झोन', इथे सूर्याचा प्रकाश नाहीच. चौथं ४,००० ते ६,०००, 'अबिस'. पाचवं त्याखालच्या खंदकांचं, 'हेडल झोन', ग्रीकांच्या पाताळाचा राजा हेडीस याच्या नावाचं. सगळ्यात खाली, मारियाना ट्रेंचमधल्या चॅलेंजर डीपच्या तळाशी, जवळजवळ ११ किलोमीटरवर आडवी रेघ मारा.

नवा शब्द भेटला की तो यादीत टाकायचा नाही, जिथे तो राहतो त्या खोलीवर लिहायचा. 'ग्लो' दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, 'ट्रेंच' पाचव्यावर. महिन्याभरानं शब्द आठवत नसला तरी तो पानावर कुठे होता हे आठवतं, आणि त्या जागेचा हात धरून शब्द वर येतो. आपण घरातली वस्तू शोधतो ती अशीच.

प्रत्येक थराला शास्त्रीय नावही आहे. 'मेसोपेलॅजिक', 'बाथीपेलॅजिक' ही नावं ऐकून मुलं घाबरतात. घाबरू नका, तुकडे करा. 'पेलॅजिक' ग्रीकमधल्या मोकळ्या समुद्रावरून आला. 'आर्किपेलॅगो' म्हणजे द्वीपसमूह, त्यातही तोच समुद्र आहे. 'मेसो' म्हणजे मधला, आणि आपल्या 'मध्य'चा तो सख्खा नातलग. 'बाथी' म्हणजे खोल. समुद्राची खोली मोजण्याचं शास्त्र म्हणून 'बाथिमेट्री'. 'अबिस'मधला पहिला 'अ' आपल्या 'अथांग'मधल्या 'अ'सारखाच नकार दाखवणारा आहे: ज्याला तळ नाही तो.

आधी कान, मग स्पेलिंग

शब्द पहिल्यांदा भेटला की तो ऐका. ऑनलाइन शब्दकोशातलं स्पीकरचं बटण दाबा, तीनदा ऐका, तीनदा म्हणा, वहीत देवनागरीत उच्चार लिहा, आणि मगच शेजारी रोमन स्पेलिंग. उलट केलं की डोळा कानाला फसवतो. 'सीलकॅन्थ' हा मासा घ्या. पूर्वी तो फक्त जीवाश्मांतून माहीत होता आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच नामशेष झाला असं धरलं होतं. १९३८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर या संग्रहालयातल्या बाईंनी मच्छीमारांच्या ढिगात तो ओळखला. त्याचं स्पेलिंग सी, ओ, ई, एल असं सुरू होतं. ते आधी बघितलं की माणूस हमखास 'कोएलाकॅन्थ' म्हणतो, आणि एकदा जीभ वळली की परत वळवणं कठीण.

मराठी जिभेला दोन जागी खास जपावं लागतं. पहिली जागा 'व'ची. 'व्हेंट' म्हणजे समुद्रतळावरचा गरम पाण्याचा झरोका, आणि 'वेंट' म्हणजे गेला. आपण दोन्ही सारखेच म्हणतो. 'व्हेंट'ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवा, 'वेंट'ला ओठाला दात न लावता ओठांचा चंबू करा. 'व्हायपर' आणि 'वेव्ह' हे शब्द आरशासमोर म्हणा. 'वेव्ह'मध्ये तर दोन्ही आवाज एकाच शब्दात आहेत. दुसरी जागा 'झोन'ची. इथे मराठी माणसाचं नशीब चांगलं आहे: 'झाड'मधला 'झ' काढा, 'झेंडा'मधला नको. बस, 'झोन' बरोबर येतो.

'डेप्थ' हा शब्द लहान, पण त्याच्या मागे अख्खं कुटुंब उभं आहे. 'डीप' विशेषण, 'डेप्थ' नाम, 'डीपन' क्रियापद. तसेच 'लाँग'चं 'लेंथ', 'वाइड'चं 'विड्थ', 'स्ट्राँग'चं 'स्ट्रेंथ', 'वॉर्म'चं 'वॉर्मथ'. एका शब्दाच्या पाठोपाठ चार शब्द फुकटात मिळत असतील तर का सोडायचे?

सोयरीक शोधा

ही पायरी मला सगळ्यात आवडते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

१९७७ मध्ये पॅसिफिकमध्ये गॅलापागोस बेटांजवळ 'ॲल्विन' नावाची छोटी पाणबुडी साधारण अडीच किलोमीटर खाली उतरली. भूशास्त्रज्ञ गरम पाण्याचे झरे शोधत होते. झरे सापडले, आणि त्यांच्या भोवती शिंपल्यांची, कृमींची, खेकड्यांची दाट वस्ती. मोहिमेत जीवशास्त्रज्ञ कुणीच नव्हता! नमुने टिकवायला रसायन पुरेना, तेव्हा पनामात घेतलेली रशियन व्होडका कामी आली. या एका गोष्टीतून 'स्पेसिमेन' म्हणजे नमुना आणि 'प्रिझर्व्ह' म्हणजे टिकवून ठेवणं हे दोन शब्द कायमचे बसतात. इंग्रज लोक मुरंब्याच्या जातीच्या पदार्थांनाही 'प्रिझर्व्ह' म्हणतात, तेही लक्षात ठेवा.

त्या झऱ्यांचं नाव 'हायड्रोथर्मल व्हेंट'. तुकडे करा. 'हायड्रो' म्हणजे पाणी, संस्कृत 'उदक'च्या कुळातलं. 'थर्म' म्हणजे उष्णता. आपला 'घाम' संस्कृत 'घर्म'वरून आला, आणि 'घर्म' व ग्रीक 'थर्म' एकाच मुळाच्या दोन फांद्या. म्हणजे चहाचा थर्मॉस आणि कपाळावरचा घाम चुलत भाऊ. 'व्हेंट'मध्ये लॅटिन वारा आहे, तोच 'व्हेंटिलेटर'मध्ये, आणि संस्कृतातला 'वात' त्याचा नातलग. 'ही व्हेंटेड हिज अँगर' म्हणजे त्यानं राग बाहेर काढला, कोंडलेल्या वाफेला वाट दिली. अनोळखी वाटणारा दोन शब्दांचा डोंगर आता उदक, घाम आणि वात एवढाच उरला.

खोल समुद्रातला सगळ्यात देखणा शब्द 'बायोल्युमिनेसन्स', म्हणजे सजीवांनी स्वतःच्या अंगात निर्माण केलेला प्रकाश. 'बायो' आणि आपला 'जीव' एका मुळाचे. 'ल्युमेन' म्हणजे प्रकाश. त्याच मुळातून फारसीत 'रोशन' आला आणि फारसीतून आपल्याकडे 'रोषणाई'. गणपतीतली रोषणाई आणि अंधारातल्या माशाचं 'ल्युमिनस' अंग लांबचे का होईना, पण भाऊबंद. 'इल्युमिनेट', 'ट्रान्सलुसंट' म्हणजे अर्धपारदर्शक, 'ल्युसिड' म्हणजे स्वच्छ, सुबोध, 'इल्युसिडेट' म्हणजे उलगडून सांगणं, हे सगळे एका पंगतीत बसवा. कोकणात काही वर्षी थंडीच्या सुमारास रात्री लाटा निळ्या चमकतात, त्या 'नॉक्टिल्युका' नावाच्या सूक्ष्म जीवामुळे. तो खोलातला नाही, वरच्या पाण्यातला, पण नाव बघा: 'नॉक्ट' म्हणजे रात्र, संस्कृत 'नक्त'. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायचं ते नक्तव्रत. आता 'नॉक्टर्नल' म्हणजे निशाचर, हे कुणी सांगायला नको.

माशांच्या अंगावर जे दिवे असतात त्यांना 'फोटोफोर' म्हणतात. 'फोटो' आपल्या 'प्रभा'च्या बाजूचा, 'फोर' म्हणजे वाहणारा, आपल्या 'भार'च्या बाजूचा. प्रकाश वाहणारा अवयव. 'फॉस्फरस' आणि 'मेटाफर' यांतही तोच 'वाहणारा' आहे. मेटाफर, म्हणजे रूपक, अर्थ एका जागेवरून उचलून दुसरीकडे वाहून नेतं.

एक सावधगिरी. ही सोयरीक म्हणजे इंग्रजी संस्कृतातून निघाली असं नव्हे. ग्रीक, लॅटिन, संस्कृत या बहिणी, त्यांची आई एकच. शिवाय दिसायला सारखे असलेले सगळे शब्द नातेवाईक नसतात. खोली मोजण्याला इंग्रजीत 'साउंडिंग' म्हणतात, पण त्याचा आवाजाच्या 'साउंड'शी काही संबंध नाही, तो फ्रेंचमधून आलेला निराळाच शब्द. म्हणून नातं लिहिण्यापूर्वी शब्दकोशातला व्युत्पत्तीचा परिच्छेद बघायचा. अंदाजानं नाती जोडली की पुढे भांडणं होतात.

तो शिशाचा गोळा लावलेला दोर आठवतो ना? शिशाला लॅटिनमध्ये 'प्लुम्बुम'. त्यावरून 'प्लम', म्हणजे गवंड्याचा ओळंबा. त्यावरूनच 'प्लमर', कारण जुने नळ शिशाचे. दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगात 'बी' आहे आणि दोन्हीकडे तो मुका. 'प्लम द डेप्थ्स' म्हणजे तळ गाठणं, चांगल्या अर्थानं आणि वाईट अर्थानंही.

माशांची नावं म्हणजे जोडशब्दांची शाळा

इथे फार डोकं लावायला नको. इंग्रज माणसानं मासा बघितला आणि जे दिसलं ते नाव ठेवलं. 'लँटर्नफिश', कंदिलासारखा. 'हॅचेटफिश', अंग कुऱ्हाडीच्या पात्यासारखं चपटं. 'फँगटूथ', सुळ्यांसारखे दात. 'गल्पर ईल', 'गल्प' म्हणजे गटकन गिळणं, आणि याचा जबडा बाकीच्या अंगाच्या मानानं अजस्र. 'स्नेलफिश', गोगलगायीसारखा गुळगुळीत. याच जातीतला एक मासा २०२२ मध्ये जपानजवळच्या खंदकात ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यानं टिपला. 'ब्लॉबफिश'बद्दल मात्र थोडं वाईट वाटतं. 'ब्लॉब' म्हणजे लिबलिबीत गोळा. त्याला वर ओढून काढलं की दाब सुटल्यामुळे अंग ढासळतं आणि तो तसा दिसतो. खाली स्वतःच्या घरी तो बऱ्यापैकी माशासारखा असतो. २०१३ मध्ये त्याला जगातला सगळ्यात कुरूप प्राणी ठरवलं गेलं, हा त्याच्यावर अन्यायच.

'अँग्लरफिश' वेगळा लिहा. 'अँग्लर' म्हणजे गळ टाकून मासे धरणारा. या माशाच्या मादीच्या डोक्यावर काठीसारखा अवयव असतो आणि त्याच्या टोकाला चमकणारं आमिष, 'ल्युअर'. 'ल्युअर'वरून 'अल्युअर', म्हणजे मोहिनी. 'टेक द बेट' म्हणजे आमिषाला भुलणं. फसव्या मेसेजची लिंक उघडणाऱ्याबद्दल इंग्रजीत हेच म्हणतात.

'ट्रायपॉड फिश' तर घरचाच. परांच्या तीन लांब काड्यांवर तो तळावर उभा राहतो. 'ट्राय' म्हणजे त्रि, 'पॉड' म्हणजे पाद. आपली तिवई! शास्त्रज्ञ त्याला ज्या गणात घालतात त्याच गणात आपला बोंबीलही आहे. 'ऑक्टोपस' म्हणजे अष्टपाद, 'डेकापॉड' म्हणजे दशपाद, 'सेफलोपॉड' म्हणजे डोक्याला पाय असलेला. 'आयसोपॉड' म्हणजे सारखे पाय असलेला कवचधारी जीव. इंडोनेशियाच्या जावा बेटाजवळ सापडलेल्या एका अतिप्रचंड आयसोपॉडचं नाव २०२० मध्ये 'बाथिनोमस रक्सासा' ठेवलं. रक्सासा म्हणजे राक्षसच. तिथल्या भाषेत तो अवाढव्य या अर्थी वापरतात.

नावं फसवतातही. 'जेलीफिश', 'स्टारफिश', 'कटलफिश' यांतला एकही मासा नाही. 'व्हॅम्पायर स्क्विड' रक्त पीत नाही आणि खरा स्क्विडही नाही. बिचारा वरून पडणारा कचरा खातो. त्या कचऱ्याला नाव किती सुंदर दिलंय, 'मरीन स्नो'. मेलेल्या जीवांचे कण, विष्ठा, चिकट धागे, सगळं मिळून हिमासारखं भुरभुरत राहतं.

क्रियापदांवर सगळ्यात जास्त वेळ घाला

नावं शिकून माणूस प्रश्नमंजूषा जिंकतो, पण इंग्रजी बोलू लागतो ते क्रियापदांनी. माझ्याकडच्या मुलांना 'स्विम'च्या पलीकडे एकही शब्द येत नसे, आणि खोल समुद्रात पोहण्याखेरीज कितीतरी चाललेलं असतं. 'ड्रिफ्ट', प्रवाहाबरोबर वाहत जाणं. 'हॉव्हर', एका जागी तरंगत राहणं. 'लर्क', दबा धरून बसणं. 'डार्ट', सर्रकन निसटणं. 'प्लंज', वेगानं खाली झेपावणं. 'फ्लिकर', मिणमिणणं. 'ग्लो', मंद तेजाळणं. 'स्कॅव्हेंज', मेलेलं शोधून खाणं. मराठी प्रतिशब्द लिहिताना 'पोहणे, चमकणे' असे गुळमुळीत लिहू नका. मिणमिणणं आणि तेजाळणं यांत जो फरक तुम्हाला मराठीत जाणवतो, तोच 'फ्लिकर' आणि 'ग्लो'मध्ये आहे.

मग हेच शब्द समुद्राबाहेर काढा. 'द ट्यूब लाइट इज फ्लिकरिंग.' 'माय माइंड ड्रिफ्टेड ड्युरिंग द मीटिंग.' 'डोन्ट हॉव्हर ओव्हर मी', म्हणजे माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस. प्रत्येक क्रियापदाचं एक वाक्य समुद्रातलं आणि एक घरातलं, एवढं केलंत तर शब्द तुमचा झाला. 'आउट ऑफ माय डेप्थ' हा प्रयोग तर नोकरीत रोज लागतो: पायाखाली तळ लागेना, काम आवाक्याबाहेर गेलं.

डुबकी बघा

आठवड्यातून दोनदा खरी डुबकी बघा. अमेरिकेच्या 'नोआ' या सरकारी समुद्र-हवामान संस्थेचं 'ओकेआनोस एक्सप्लोरर', 'नॉटिलस', श्मिट ओशन इन्स्टिट्यूटचं 'फाल्कोर टू' या जहाजांवरून दूरनियंत्रित यान खाली जातं, आणि त्यांची चित्रणं यूट्यूबवर आहेत. कॅलिफोर्नियातल्या 'एम्बारी' या संस्थेच्या छोट्या फिती नवशिक्याला जास्त सोप्या, कारण निवेदन सावकाश आणि स्पष्ट असतं.

पहिल्यांदा आवाज बंद करून पाच मिनिटं बघा आणि जे दिसतं ते तुमच्या तुटक्या इंग्रजीत बोला. मग आवाज आणि इंग्रजी सबटायटल्स चालू करून तेच पाहा. शास्त्रज्ञ काय म्हणाले आणि आपण काय म्हणालो, यातली तफावत म्हणजे आजचा धडा. शास्त्रज्ञ 'इट इज' क्वचित म्हणतात. 'इट ॲपिअर्स टू बी', 'इट्स लाइकली', 'इट लुक्स लाइक' म्हणतात, म्हणजे असावं, बहुधा, दिसतंय तरी तसं. हे सावध बोलणं मुलाखतीत आणि अहवालात फार कामाला येतं. मुलांना मजा येते ती अचानक 'व्हॉट इज दॅट?' असं ओरडणाऱ्या शास्त्रज्ञांची. साठ वर्षांचा प्राध्यापक एका गुलाबी समुद्रकाकडीपुढे लहान मूल होतो.

वाचायला काय घ्यायचं

दोन गोष्टी. एक, शोधाचा इतिहास. १८४० च्या दशकात एडवर्ड फोर्ब्ज या निसर्गशास्त्रज्ञानं मांडलं की ३०० फॅदमच्या, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टी नसावी. त्या कल्पनेचं नाव 'एझोइक', सरळ 'अजीव'. १८७२ ते १८७६ 'चॅलेंजर' जहाजानं जगभर जाळी टाकून ती मोडीत काढली. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श 'त्रिएस्ते' या यानातून चॅलेंजर डीपच्या तळाला टेकले. यात 'हायपॉथिसिस', 'एव्हिडन्स', 'डिस्प्रूव्ह', 'डिसेंड', 'ॲसेंड' हे परीक्षेत हटकून येणारे शब्द गोष्टीच्या ओघात येतात.

दुसरं, आपल्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या बातम्या. भारताच्या डीप ओशन मिशनला २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. चेन्नईची राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था 'मत्स्य ६०००' हे तीन माणसांना ६,००० मीटर खाली नेणारं यान तयार करते आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. १९८१ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी 'गवेषणी' जहाजावरून समुद्रतळाचे धातूचे गोळे वर काढले. 'पॉलिमेटॅलिक नोड्यूल', 'टायटॅनियम हल', 'सबमर्सिबल', 'सीबेड मायनिंग' हे शब्द या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात, आणि पुन्हा पुन्हा येणं हीच तर उजळणी. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नका. पूर्ण बातमी वाचा, अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारा, आणि त्यातले सहाच निवडा. बाकीचे सोडून द्या, ते परत भेटतील.

उजळणी आणि लिहिणं

उजळणीचं गणित साधं आहे: दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग तीन आठवड्यांनी. वहीचं पान झाका, फक्त खोलीचा आकडा बघा आणि तिथे कोण कोण राहतं ते आठवून म्हणा. मोबाइलवर 'अंकी' हे उजळणीच्या कार्डांचं ॲप वापरत असाल तर कार्डावर मराठी अर्थ लिहू नका. रिकामी जागा ठेवलेलं इंग्रजी वाक्य लिहा आणि माशाचं चित्र चिकटवा.

दर रविवारी आठ ओळी लिहा, 'डाइव्ह लॉग'. तुम्ही यानात बसला आहात, कोणत्या मीटरवर आहात, खिडकीतून काय दिसतं. वर्तमानकाळात लिहिलं तर एकवचन-अनेकवचनाच्या चुका दिसतात. 'स्पीशीज' दोन्हीकडे सारखाच राहतो, 'लार्वा'चं 'लार्वी' होतं, 'ऑक्टोपस'चं 'ऑक्टोपसेस'. 'फिश' एरवी 'फिश'च, पण वेगवेगळ्या जाती मोजताना 'फिशेस'. लिहिलेलं स्वतःच मोठ्यानं वाचा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चार रविवार झाले की पहिलं रेकॉर्डिंग ऐका. 'व्हेंट'चा 'वेंट' झालेला ऐकू आला, तर पुढच्या सोमवारी वाव-दोन वाव वर येऊन आरशासमोरच्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.